झाकली मूठ आणि उघडी वही

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, विवाहातील वाढता खर्च अशा विषयांवर वक्ते बोलतात. यंदा मंडळाने आम्हांस 'लहान दुकानदाराचे कर आणि त्याचे जोडउत्पन्न' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय रूक्ष आहे, हे आम्ही जाणतो. भोजनाची पाने मांडली जात असता हिशेबाच्या गोष्टी कोणास रुचाव्यात? तथापि ज्या घरांचा संसार दुकानाच्या गल्ल्यावर चालतो, त्या घरांत अन्नाइतकाच हिशेबही नित्याचा असला पाहिजे. म्हणून आपण थोडी क्षमाबुद्धी ठेवून ऐकावे, ही प्रार्थना.

आपल्या शिंपी समाजात एके काळी कात्री, गज आणि यंत्र एवढ्यावर घर चाले. आता मिळकत एकाच वाटेने येत नाही. वडील कापडाचे दुकान पाहतात. दुकानावरची खोली शिकवणीवर्गाला भाड्याने दिलेली असते. गृहिणी घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. मुलगा नोकरी सांभाळून समभागांची खरेदीविक्री करतो. कोणी फावल्या वेळात विम्याचे काम करतो. या सर्वांस बोलीत आपण 'वरकमाई' म्हणून मोकळे होतो. पण या शब्दास लाचलुचपतीचा वास चिकटला आहे. तो उच्चारला की ऐकणारा मिस्कीलपणे हसतो. रात्री अकरापर्यंत शिवणयंत्रावर बसून मिळवलेल्या पैशास हा डाग कशासाठी? म्हणून आम्ही त्यास जोडउत्पन्न म्हणू. आणि ज्यास डाग नाही त्यास लपविण्याचेही कारण नाही, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी फार जपली. दुकानात किती सुटते, हे शेजाऱ्यास कळू द्यावयाचे नाही, भावास नाही, कित्येकदा पत्नीसही नाही. परिणाम असा झाला आहे, की एकाच घराचे उत्पन्न तीन ठिकाणी तीन निरनिराळे आढळते. वधूवर-परिचय पुस्तिकेत ते सर्वांत मोठे असते. बँकेत कर्जाचा अर्ज करताना मध्यम होते. आणि मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ते इतके आक्रसते, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे. आपण हसलात, याचा अर्थ आम्ही परक्या गावची गोष्ट सांगत नाही.

कराविषयीची ही धास्ती आजची नव्हे. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली या देशात आयकर आणला. पुढे मुंबईचा १९५९ चा विक्रीकर कायदा आला, १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे ज्याला आपण सारे जीएसटी म्हणतो तो, सुरू झाला. महापालिकांच्या जकात नाक्यांवर गाठोडी उतरवून घेणारे कारकून आपल्यातील वृद्धांस आठवत असतील. मुंबईतील जकातही त्याच दिवशी संपली. आयकराचा १९६१ चा कायदा सहा दशके चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरविला. कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले; परंतु आपल्या मनातील झाकली मूठ मात्र तशीच राहिली.

आता ही मूठ झाकून आपण नेमके काय वाचवतो, ते आकड्यांनीच पाहू. एक कल्पित दुकान घेऊ. वर्षाची विक्री ३६ लाख रुपये. पैकी २४ लाख बँकेमार्फत अथवा यूपीआयने आले, १२ लाख रोख आले. लहान व्यापाऱ्यास संपूर्ण हिशेबाच्या जाचातून सोडविण्यासाठी आयकर कायद्याने एक सोय केली आहे. विक्री २ कोटींपर्यंत असेल तर, आणि रोखीचे प्रमाण शेकडा ५ हून अधिक नसेल तर ३ कोटींपर्यंत, विक्रीवरून अनुमानाने नफा दाखविता येतो: रोख विक्रीवर शेकडा ८ आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर शेकडा ६. आपल्या या दुकानदाराचा असा अनुमानित नफा २४ लाखांवर १ लाख ४४ हजार व १२ लाखांवर ९६ हजार, मिळून २ लाख ४० हजार रुपये होतो. वास्तविक त्यास वर्षाला ४ लाख ८० हजार सुटतात. शेकडा ८ व ६ ही किमान मर्यादा आहे. अधिक नफा झाला असल्यास अधिक दाखवावा, हेच कायद्यास अभिप्रेत आहे. परंतु आपला दुकानदार २ लाख ४० हजारांवर थांबतो आणि निम्मी कमाई मुठीत झाकून ठेवतो.

त्याने यात किती कर वाचविला? २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलत वजा जाता कर काहीच भरावा लागत नाही. म्हणजे २ लाख ४० हजार दाखविले तरी कर शून्य आणि ४ लाख ८० हजार दाखविले तरी कर शून्य! जो कर द्यावयाचाच नव्हता, तो चुकविण्यासाठी या गृहस्थाने आपली निम्मी पत गमावली. यास आमच्या भाषेत आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात.

पत म्हणजे केवळ कर्ज नव्हे. दुकान वाढवावयाचे तर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, हे आपण जाणता. परंतु आम्ही याहून कठीण प्रसंगाची गोष्ट बोलणार आहोत. अशुभ बोलू नये, हा संकेत आम्ही आज थोडा बाजूस ठेवतो.

समजा, हाच दुकानदार अडतीस वर्षांचा आहे. घरी पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. माल आणावयास निघालेला हा मनुष्य रस्त्यावरील अपघातात दगावला. त्याची पत्नी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभी राहते. तेथे नुकसानभरपाई कशी ठरते? सर्वोच्च न्यायालयाच्या 'सरला वर्मा' (२००९) आणि 'प्रणय सेठी' (२०१७) या निकालांनी त्याची रीत घालून दिली आहे. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे. स्वतंत्र व्यवसाय करणारा चाळिशीच्या आतील असल्यास पुढील वाढीसाठी त्यात शेकडा ४० मिळवावयाचे. चार ते सहा माणसे अवलंबून असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचा. आणि ३६ ते ४० या वयासाठी येणाऱ्या रकमेस १५ ने गुणावयाचे. खोलीचे भाडे आणि ठेवीचे व्याज मनुष्य गेल्यावरही चालू राहते, म्हणून येथे आम्ही फक्त दुकानाचा नफा धरतो.

आता विवरणपत्रांत ४ लाख ८० हजार असतील, तर वाढ धरून ६ लाख ७२ हजार होतात. चतुर्थांश वजा जाता ५ लाख ४ हजार उरतात. त्यांची पंधरापट ७५ लाख ६० हजार रुपये. आणि विवरणपत्रांत २ लाख ४० हजारच असतील तर? बरोबर निम्मे, म्हणजे ३७ लाख ८० हजार. विवरणपत्र मुळी भरलेलेच नसेल, तर न्यायाधिकरण आपल्या अंदाजाने, पुष्कळदा किमान वेतनाच्या आधाराने, उत्पन्न ठरविते. त्या वेळी ती माउली सांगेल, 'साहेब, ते याहून पुष्कळ मिळवत होते.' ती खरे बोलत असेल. पण तिच्या पतीने स्वतःच्या सहीने त्याच्या विरुद्ध लिहून ठेवलेले असेल. अपघातानंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडेही तेथे संशयाने पाहिले जाते. ज्याची मूठ झाकलेली होती, तो गेला. आणि ती मूठ उघडण्याची किल्ली त्याच्याबरोबरच गेली.

भगिनींनो, आजचे हे भाषण आम्ही अधिक करून आपणांस उद्देशून करीत आहोत, ते याचसाठी.

आता जोडउत्पन्नाकडे वळू. मुख्य धंद्याचा कर बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु बाजूच्या लहानशा मिळकतीने मुख्य धंद्याचे कायद्यातील स्थानच कसे बदलते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. याची चार उदाहरणे आम्ही देतो.

पहिले उदाहरण भाड्याचे. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचीच विक्री करणाऱ्यास ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही. आपला ३६ लाखांचा दुकानदार म्हणून निश्चिंत आहे. पण त्याने दुकानावरची खोली शिकवणीवर्गाला दरमहा १५ हजारांनी दिली. व्यवसायासाठी जागा भाड्याने देणे ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे. आता तो केवळ वस्तू विकणारा राहिला नाही, आणि त्यास ४० ऐवजी २० लाखांची मर्यादा लागू झाली. वर्षाच्या १ लाख ८० हजार भाड्याने ३६ लाखांचे दुकान नोंदणीच्या कक्षेत आणले! एकाच पॅन क्रमांकावरील सर्व व्यवहारांची बेरीज एकत्र होते, हे येथे विसरता कामा नये.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. लहान व्यापाऱ्यासाठी दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत 'कंपोझिशन' नावाची योजना आहे. तीत व्यापारी करपात्र उलाढालीवर शेकडा १ कर भरतो, आणि उलाढालीच्या शेकडा १० किंवा ५ लाख रुपये, यांत जे अधिक असेल तेथपर्यंत सेवेचे उत्पन्नही त्यात सामावते. अट ही, की हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यावयाचा नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मागावयाची नाही, आणि परराज्यात माल विकावयाचा नाही. आपल्या दुकानदाराची भाड्यासह उलाढाल ३७ लाख ८० हजार. तिचा शेकडा एक म्हणजे वर्षाला ३७ हजार ८०० रुपये. रोजचे जेमतेम शंभर-सव्वाशे. दर संध्याकाळी हे शंभर-सव्वाशे रुपये वेगळे पडले, तर तिमाहीस भरणा करताना कपाळास आठी पडणार नाही.

दुसरे उदाहरण कमिशनचे. अनुमानाने नफा दाखविण्याची जी सोय आम्ही वर सांगितली, ती कमिशन अथवा दलालीचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीस मिळत नाही, असे त्या तरतुदीचे शब्द आहेत. विम्याच्या चार पॉलिसींचे कमिशन घेताना दुकानदाराने हा विचार केलेला नसतो. अशाने काही आकाश कोसळत नाही. त्याने नियमित वह्या ठेवून खरा नफा दाखवावा, म्हणजे झाले. परंतु आधी करसल्लागारास विचारावे, आणि मग एजन्सीचा फॉर्म भरावा. कमिशनातून कंपनीने कर कापून घेतला असेल आणि आपल्यास कर लागत नसेल, तर तो पैसा परत मिळविण्याचा मार्गही विवरणपत्र हाच आहे.

तिसरे उदाहरण पत्नीच्या नावच्या ठेवीचे. दुकानाचा नफा पत्नीच्या नावे बँकेत ठेवला म्हणजे व्याज तिचे झाले, असा समज घरोघर आहे. पतीने मोबदल्यावाचून दिलेल्या पैशावरचे व्याज कायदा पतीच्याच उत्पन्नात मिळवतो. याउलट, तिने स्वतः शिवणकामातून मिळवलेला पैसा आणि त्यावरचे व्याज मात्र सर्वस्वी तिचे. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की घरी शिवणाऱ्या प्रत्येक भगिनीने आपले पॅन कार्ड आणि आपले स्वतंत्र बँक खाते बाळगावे, आणि शिलाईचा प्रत्येक रुपया त्यातून जावा. उत्पन्न करपात्र नसले तरीही विवरणपत्र भरण्यास मज्जाव नाही. पाच वर्षांनी ती शिवणवर्ग काढू म्हणेल, तेव्हा हीच पाच पाने तिच्या बाजूने बोलतील.

चौथे उदाहरण मुलांचे. समभागांची खरेदीविक्री आणि वायदेव्यवहार हल्ली हातातील फोनवर चालतात. १२ लाखांपर्यंतची जी सवलत आम्ही सांगितली, ती समभागांवरील भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नास मिळत नाही. २३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत समभागांच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर शेकडा २० आणि दीर्घ मुदतीच्या, १ लाख २५ हजारांवरील नफ्यावर शेकडा साडेबारा असा दर ठरला. वायदेव्यवहार हा तर कायद्याने धंदाच मानला आहे. 'आमचा मुलगा सहज गंमत म्हणून करतो' असे म्हणणाऱ्या पित्याने ही गंमत वहीत कोठे बसते, ते एकदा पाहावे.

आणि हे सर्व झाकून तरी राहते का? नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याने प्रत्येकाचे वार्षिक माहिती विवरण त्याच्यापुढे ठेवण्यास आरंभ केला. बँकेचे व्याज, लाभांश, समभागांची विक्री हे सारे त्यात आपल्या आधीच येऊन बसलेले असते. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख वा अधिक रोख भरल्यास तीही वार्ता बँक कळवते. मूठ झाकलेली आहे, असे मानणारा आता आपण एकटाच उरलो आहोत.

मग करावयाचे काय? उपाय जुनाच आहे, आणि तो आपल्या आजोबांस ठाऊक होता. त्यांच्या दुकानात कीर्द होती, खतावणी होती, आणि लक्ष्मीपूजनास नव्या वहीची पूजा होत असे. दिवाळी ते दिवाळी धरले जाणारे हिशेबी वर्ष करापुरते मागे पडले, आणि १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सर्वांस ३१ मार्च हीच अखेर ठरली. वहीची पूजा पुष्कळ घरांत राहिली. पण पूजेनंतर त्या वहीत पहिले पानसुद्धा लिहिले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. हळदकुंकू वाहून कोरी ठेवलेली वही लक्ष्मीस काय सांगणार?

आमच्या सूचना थोड्या आहेत. दुकानाचे चालू खाते आणि घराचे बचत खाते निराळे असावे. गल्ल्यातून घरखर्चासाठी हवे तेव्हा हवे तितके न घेता दरमहा ठरलेली उचल घ्यावी आणि ती वहीत उचल म्हणूनच लिहावी. जोडउत्पन्नाच्या प्रत्येक वाटेस वहीत स्वतंत्र पान द्यावे: भाड्यास एक, व्याजास एक, शिलाईस एक. खोलीच्या भाड्यातून कायदा देखभालीपोटी शेकडा ३० वजावट देतो. ज्याचे पान आहे, त्यास ती मागणे सोपे जाते. कराचा पैसा रोज किंवा आठवड्याला वेगळ्या खात्यात टाकावा. तो आपल्या पेटीत असला तरी आपला नव्हे. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे सांभाळावयास आहे, एवढेच. वर्षाचा आयकर १० हजार वा अधिक होत असेल, तर तो आगाऊ भरावा लागतो. अनुमानित नफा दाखविणाऱ्यास १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात, आणि इतरांस जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखांस. चुकल्यास व्याज चढते.

आणखी एक इशारा. आपल्यात मेहुण्याकडून, साडूकडून हातउसने घेण्याची रीत आहे. ती प्रेमाची आहे, तिला आमचा विरोध नाही. मात्र २० हजार वा अधिक रक्कम रोख उसनी घेण्यास कायद्याने बंदी असून, घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. म्हणून प्रेम तोंडी असावे, पैसा बँकेतून यावा.

आपल्यापैकी कोणी म्हणतील, 'मागील वर्षांचे काय? तेव्हा तर आम्ही काहीच दाखविले नाही.' त्यांच्यासाठी २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची वाट खुली झाली, आणि २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविली. जितका उशीर तितका अधिक कर, हे खरे: पहिल्या वर्षी करावर शेकडा २५, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० जादा भरावे लागतात. तरीही रात्रीची झोप त्याहून स्वस्त नाही. करांचे दर दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून आम्ही सांगितलेले आकडे त्या त्या वर्षाचे समजून, भरणा करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या ज्ञातीत करसल्लागार आहेत, सनदी लेखापाल आहेत, वाणिज्य शाखेचे हुशार विद्यार्थी आहेत. महिन्यातील एका रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात त्यांनी दोन तास बसावे, आणि लहान दुकानदारांनी, घरी शिवणाऱ्या भगिनींनी आपापल्या वह्या घेऊन यावे. सत्कारांचे हार थोडे कमी पडले तरी चालतील. पण एका घराची वही सुरू झाली, तर त्या घराच्या दोन पिढ्यांचे काम होईल.

आणि प्रत्येक ज्ञातिबंधूस आमची एवढीच विनंती: आज घरी गेल्यावर विवरणपत्रांची पाने, खात्यांचे क्रमांक आणि दुकानाची वही कोठे ठेवली आहे, ते आपल्या पत्नीस दाखवावे, आणि या वर्षी खरोखर किती सुटले, तो खरा आकडा तिला सांगावा. जो आकडा घरात सांगण्यास मनुष्य कचरत नाही, तो सरकारात लिहिण्यासही त्याचा हात कापत नाही.